सावलीचा हात

फोनवरच्या ॲप स्टोअरांनी आपलं कमिशन जवळजवळ शून्यावर आणल्याची बातमी आली, तेव्हा सुव्रता मगदूम ऑफिसात टेबलापाशी उभी राहून भडंग खात होती. इरफान सतारमेकरनं लॅपटॉप तिच्याकडे वळवला आणि नुसतं बोट दाखवलं. तिनं बातमी वाचली, हात पुसले आणि पुन्हा वाचली.

"म्हणजे आता परत जाता येईल?" तिनं विचारलं.

"जाता येईल काय, जायचंच," इरफान म्हणाला. "इतकी वर्षं आडवाटेनं चाललो. आता सरळ रस्ता मोकळा झालाय."

ती आडवाट त्यांनी नाइलाजानं धरली होती. इंजिनिअरिंगला एकत्र असलेल्या या दोघांनी सांगलीत विश्रामबागेतल्या दोन खोल्यांत बसून 'सूत' नावाचा खेळ तयार केला होता. नदीकाठची एक बाभूळ आणि तिच्यावर एक कोळी. खेळणाऱ्यानं बोटानं त्याचं सूत ओढायचं, वाऱ्यावर हलणाऱ्या फांदीच्या टोकाला नेमकं चिकटवायचं आणि असं करत जाळं पुरं करायचं. दिसायला साधं, पण जरा उशीर झाला किंवा बोट किंचित हललं की सूत तुटून वाऱ्यावर जायचं. लोकांना खेळ आवडला. मात्र खेळणारा जे काही देई त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा स्टोअर कापून घेई, आणि बाहेर पैसे भरायची सोय आहे एवढं खेळात लिहायचीही बंदी होती. कंपनी गुंडाळायची वेळ आली.

तेव्हा इरफाननं ब्राउझरची वाट काढली. ब्राउझर प्रत्येक फोनमध्ये असतोच आणि त्यात कुठलाही पत्ता उघडायला कुणाची परवानगी लागत नाही. खेळ फोनमध्ये ठेवायचाच नाही. तो नवी मुंबईतल्या एका डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर चालेल. क्रिकेटची मॅच घरी दिसते तसं त्याचं चित्र तेवढं फोनवर दिसेल, आणि खेळणाऱ्याचं बोट कुठं फिरलं ते उलट सर्व्हरकडे जाईल. फोनमध्ये ॲप नाही, म्हणून स्टोअर नाही, म्हणून कमिशन नाही.

फक्त एक अडचण होती. बोट सांगलीत हलायचं, त्याची खबर नवी मुंबईला जायची, तिथं चित्र तयार व्हायचं आणि परत यायचं. डोळ्याचं पातं लवायला लागतो त्याहून कमी वेळ, पण 'सूत'मध्ये तेवढ्यात फांदी निघून जायची. अंतर कमी करता येत नव्हतं. मग इरफाननं वेळेच्या पुढं जायचं ठरवलं.

माणूस एखाद्या गोष्टीकडे हात नेतो तेव्हा हाताचा वेग आधी चढतो, मग उतरतो. हा चढउतार प्रत्येकाचा आपापला असतो, सहीसारखा. हालचाल अर्धीही झालेली नसते तेव्हाच ती कुठं संपणार हे त्या चढावरून सांगता येतं. सर्व्हर प्रत्येक खेळणाऱ्याचा हात शिकत जायचा आणि बोट पोहोचायच्या आधीच ते कुठं पोहोचणार हे ओळखून चित्र तयार ठेवायचा. जिथं अंदाज चुकेल तिथं हळूच दुरुस्ती. ऑफिसात या यंत्रणेला सगळे 'सावली' म्हणत. फरक एवढाच, की ही सावली माणसाच्या पुढं चालायची.

सावलीनं कंपनी तारली होती. आता कमिशनच उरलं नाही म्हटल्यावर खेळ पुन्हा फोनमध्ये आणता येणार होता. फोनमध्ये आला की उशीर नाही, आणि उशीर नाही तर सावलीची गरज नाही. त्यांनी नवी आवृत्ती तयार केली आणि काही जुन्या, पट्टीच्या खेळणाऱ्यांकडे चाचणीला पाठवली. त्यांत पहिलं नाव सुव्रताच्या भावाचं होतं.

डॉक्टर श्रेणिक मगदूम मिरजेच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात डोळ्यांचा सर्जन होता. सुव्रताहून बराच मोठा; ती त्याला अण्णा म्हणायची. वडील अकाली गेले तेव्हा ती शाळेत होती. तिचं पुढचं सगळं अण्णानंच केलं. जत, आटपाडी, कवठे महांकाळ या भागांत त्याच्या हाताचं नाव होतं. शिबिराला येणारी म्हातारी माणसं "मगदूम डाक्टर असतील तरच" म्हणून अडून बसत. 'सूत' तो रोज सकाळी खेळायचा. "गवयी सूर लावून घेतो तसा मी हात लावून घेतो," असं सांगायचा. सगळ्यांत वरच्या वाऱ्यात, म्हणजे खेळाच्या सगळ्यांत अवघड पातळीवर, त्याचं जाळं पुरं व्हायचं, आणि त्याचा त्याला लहान पोरासारखा अभिमान होता.

चाचणी सुरू झाल्यावर पहिला फोन त्याचाच आला.

"सुवे, तुमच्या नव्या आवृत्तीत काहीतरी गडबड आहे बघ. सूत सुटतंय."

"सुटतंय म्हणजे?"

"म्हणजे मी बरोबर नेतोय आणि ते टोकाशी पोचत नाही. मधेच तुटतं. साध्या वाऱ्यातसुद्धा. माझं खातं उघडून बघ आणि दुरुस्त कर. असला भिकार खेळ लोकांना देऊ नका."

"बघते, अण्णा," ती हसून म्हणाली.

इरफाननं दोन दिवस तपासलं. नव्या आवृत्तीत काही बिघडलेलं नव्हतं. बाकी कुणाची तक्रारही नव्हती. उलट खेळ अधिक सुरेख लागतो असं सगळे लिहीत होते. मग त्यानं श्रेणिकच्या खात्यातल्या जुन्या नोंदी काढल्या. सावलीला शिकवण्यासाठी सर्व्हर दोन रेघा जपून ठेवत असे: बोट प्रत्यक्ष जसं फिरलं ती, आणि सावलीनं जशी काढली ती.

"जरा इकडं ये," तो सुव्रताला म्हणाला. त्याचा आवाज बदललेला होता.

पडद्यावर लाल आणि निळी अशा दोन रेघा होत्या. लाल बोटाची, निळी सावलीची. सुरुवातीच्या वर्षांत त्या एकमेकींवर अशा बसल्या होत्या की रंग वेगळे दिसत नव्हते. इरफान पुढं पुढं जात राहिला. लाल रेघ हळूहळू आखूड व्हायला लागली. फांदीपर्यंत जायची ती अलीकडेच थांबायची. मग तिच्यावर बारीक दाते दिसायला लागले, करवतीसारखे. निळी रेघ मात्र आधी होती तशीच. लांब, गुळगुळीत, थेट फांदीच्या टोकाला.

"हे नेटवर्कचं असेल," सुव्रता म्हणाली. "त्याच्या भागात—"

"मलाही तेच वाटलं. सावलीलाही तेच वाटलं." इरफाननं डोळे चोळले. "नेटवर्कमध्ये बोटाच्या खुणा कधी गळतात, कधी मागंपुढं पोचतात. म्हणून रेघ थरथरती दिसते. ती थरथर पुसून टाक आणि माणसाला जायचं होतं तिथं ने, हे आपणच तिला शिकवलं. पण सुव्रता, नव्या आवृत्तीत नेटवर्कच नाहीये. आणि दाते तसेच आहेत. हे बघ."

ती बघत राहिली.

"नेटवर्कची थरथर आणि हाताची थरथर यांतला फरक आपण तिला कधी सांगितलाच नाही," इरफान म्हणाला.

सुव्रताला रत्नप्रभावहिनी आठवल्या. दिवाळीत जेवताना त्या सहज बोलल्या होत्या: "ह्यांचं अक्षर किती बारीक झालंय बघा. शर्टाची बटणं लावायला पण वेळ घेतात." अण्णा हसला होता. खिशातून फोन काढून त्यानं सगळ्यात वरच्या वाऱ्यातलं पूर्ण झालेलं जाळं वहिनींपुढं धरलं होतं. "हा हात काय म्हातारा झालाय? तू डॉक्टर का मी?" आणि वहिनी गप्प बसल्या होत्या. सुव्रताही हसली होती त्या वेळी, अण्णाच्या बाजूनं.

"अजून किती जण असतील असे?" तिनं विचारलं.

"मोजलं नाही. मोजायला सगळ्यांची खाती उघडावी लागतील. नाव लावून कुणाचा हात बघणार नाही, असा शब्द दिलाय आपण." त्यानं लॅपटॉप अर्धा मिटला. "एक मार्ग आहे. फोनमधल्या आवृत्तीतही सावली ठेवू. कुणाला काही कळणार नाही, कुणाचा खेळ बिघडणार नाही."

सुव्रताच्या मनात तोच विचार येऊन गेला होता, आणि तो किती सोयीचा आहे हे तिला कळत होतं. उद्या सोमवार. सोमवारी अण्णाच्या शस्त्रक्रिया असत.

"स्टोअर मधे बसून पैसे घेत होतं," ती म्हणाली. "त्याला टाळायला गेलो आणि माणूस आणि त्याचं बोट यांच्या मधे आपणच जाऊन बसलो, इरफान."

त्याच दुपारी ती मिरजेला गेली. रविवार होता. अण्णा बाहेरच्या खोलीत मासिक चाळत बसला होता. वहिनी मंदिरात गेल्या होत्या. सुव्रताला ते बरं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं.

"झालं का दुरुस्त?" त्यानं विचारलं.

"अण्णा, एकदा माझ्यासमोर खेळून दाखव. ह्या फोनवर."

तो खेळला. सूत तुटलं. पुन्हा खेळला. पुन्हा तुटलं. तिसऱ्यांदा त्यानं दात ओठ खाऊन बोट नेलं, आणि तिनं त्याच्या बोटाकडे पाहिलं, पडद्याकडे नाही. इतक्या वर्षांत तिनं कधी ते तसं पाहिलंच नव्हतं. बोट मधेच आखडत होतं, कुणीतरी मागून धरल्यासारखं.

"मशिन खराब आहे तुझं," तो म्हणाला आणि फोन सोफ्यावर टाकला.

तिनं लॅपटॉप उघडून दोन रेघा त्याच्यासमोर ठेवल्या. कुठली कशाची ते सांगितलं. सावली काय करत होती ते सांगितलं. तिला वाटलं होतं बरंच समजवावं लागेल. पण त्याचा जन्म आलेख वाचण्यात गेला होता. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि लाल रेघ स्वतःच मागं मागं नेत गेला.

"मागच्या उन्हाळ्याआधीच सुरू झालंय," तो म्हणाला.

"हो."

"आणि मला कळलं नाही."

"आम्ही कळू दिलं नाही, अण्णा."

रस्त्यावरून भाजीवाल्याची विजेवर चालणारी गाडी रेकॉर्ड लावून गेली, तिचा आवाज लांब जाईपर्यंत.

"कवठ्याची एक बाई होती," तो शेवटी म्हणाला. "हौसाबाई माळी. मोतीबिंदू काढताना भिंगामागचं आवरण फाटलं. पुण्याला पाठवावं लागलं तिला. तरी त्या डोळ्यानं आता नीट दिसत नाही. मी लिहिलं, आवरण मुळातच कमकुवत होतं." त्यानं रेघेवर बोट ठेवलं. "हे तेव्हाचं आहे. पावसाळ्यातलं."

"आवरण कमकुवत असूही शकेल."

"असू शकेल." तो उठला. "ते आता कधीच कळणार नाही. ना मला, ना तिला. तू जा सुव्रता. मला जरा बसू दे."

तो तिला कायम 'सुवे' म्हणायचा. पूर्ण नाव ऐकून ती गपचूप चपला घालून निघाली.

सोमवारी सकाळी ती रुग्णालयात गेली तेव्हा बाकावर हिरवे झगे घातलेली माणसं ओळीनं बसली होती. ज्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच्या वर, भुवईवर प्रत्येकाला पेनानं खूण केलेली. अण्णा जिन्यावरून नेहमीच्या घाईनं वर आला आणि तिला बघून थांबला.

"तू करणार आहेस?" तिनं हळू आवाजात विचारलं.

त्यानं तिला खिडकीशी नेलं. "ऐक. औषधं आहेत याला. गोळीनं हात चांगला स्थिर होतो, मी घेतो आजपासून. पुढच्या आठवड्यात जतचं शिबिर आहे. ते झालं की मी स्वतःच सोडतो. लोक माझ्या नावावर आलेत, सुवे. परत पाठवलं तर त्यातले निम्मे पुन्हा येणार नाहीत, आंधळे होऊन घरात बसतील. तुला माहीत नाही ही माणसं."

"नाही माहीत," ती म्हणाली. "म्हणून विचारते. त्यांना रेघ दाखवशील? आणि मग विचारशील, करू का म्हणून?"

त्यानं घड्याळ बघितलं आणि आत गेला.

सुव्रता तिथं उभी राहिली. ज्या माणसानं तिची फी भरली, तिला सायकल शिकवली, कंपनी काढते म्हटल्यावर सगळे हसले तेव्हा जो एकटा हसला नाही, तो काचेपलीकडे हात धुवायला उभा होता. कोपरापर्यंत साबण लावत होता. मग ती वळली आणि कॉरिडॉरच्या टोकाला, रुग्णालयाच्या प्रमुख कामतबाईंच्या खोलीचं दार तिनं ढकललं.

पुढचं फार लवकर झालं. कामतबाईंनी मधे एकही प्रश्न विचारला नाही. त्या उठून आत गेल्या. थोड्या वेळानं अण्णा बाहेर आला. हात अजून ओले होते आणि सवयीनं त्यानं ते वर धरलेले होते, कशाला लागू नयेत म्हणून. बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं "आमचा नंबर आला का डाक्टर?" असं विचारलं. अण्णानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "दुसरे डॉक्टर करतील, चांगले आहेत," म्हणाला, आणि सुव्रताच्या समोरून तिच्याकडे न बघता जिना उतरून गेला.

संध्याकाळी वहिनींचा फोन आला. "सुव्रताताई, तुम्ही बरोबर केलंत," त्या म्हणाल्या. "माझ्या तोंडून जे निघालं नाही ते तुम्ही केलंत. पण आता काही दिवस येऊ नका."

मग उरलेल्यांचा प्रश्न होता. ऑफिसात यावरून बरीच भांडणं झाली. वकिलांनी सांगितलं की गप्प बसा. खेळ म्हणजे दवाखाना नव्हे. इरफान दोन्ही बाजूंनी बोलत राहिला आणि शेवटी एके दुपारी स्वतःच म्हणाला, "माझ्या अब्बांचं खातं उघडायची हिंमत होत नाही मला. यावरूनच काय ते समज."

त्यांनी नवी आवृत्ती सगळ्यांना दिली, सावली काढून. सोबत एक साधं पान होतं. इतके दिवस तुमच्या बोटामागं एक यंत्रणा काम करत होती, ती काय करत होती, आणि तुमचा खरा हात कसा होता हे बघायचं असेल तर इथं दाबा. तुमच्याशिवाय ते कुणालाही दिसणार नाही. रेघ बदललेली दिसली तर डॉक्टरांकडे जा, आणि घाबरू नका, कारण बदललेली प्रत्येक रेघ आजार नसते.

लोक खवळले. आपण जिंकलो होतो ते आपण नव्हतोच, हे कुणाला सहन होईना. शिव्यांचा पाऊस पडला. बरेच जण खेळ सोडून गेले, आणि ऑफिसच्या दोन खोल्यांतली एक त्यांना सोडावी लागली. काहींनी आभार मानले. उरणच्या बंदरात क्रेन चालवणाऱ्या एका माणसानं लिहिलं, की रेघ बघून मी वेळेत क्रेनवरून उतरलो. एका बाईनं फक्त एवढंच लिहिलं: "मला बघायचं नव्हतं. तुम्ही पान ठेवलंत म्हणून बघितलं."

अण्णाकडून काही नाही. त्याला कंपवात असल्याचं पुण्याच्या डॉक्टरांनी पक्कं सांगितलं, हे तिला वहिनींकडून कळलं. तो शिकाऊ डॉक्टरांना शिकवतो, घरी फार बोलत नाही, हेही त्यांच्याकडूनच. रक्षाबंधनाला तिनं राखी पोस्टानं पाठवली. ती पोचल्याचा फोन वहिनींनी केला.

थंडी पडायला लागली तेव्हा एका सकाळी तिच्या फोनवर अण्णाचं नाव उमटलं.

"गाडी आहे ना तुझ्याकडं?" तो म्हणाला, जणू कालच बोलणं झालं होतं. "मला कवठ्याला जायचंय. मी आता चालवत नाही."

मिरज मागं पडलं. दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या बागा होत्या, मांडवावर प्लास्टिक ओढलेलं. अण्णाचे हात मांडीवर होते. उजवा हलत होता. त्यानं तो लपवला नव्हता.

"एक विचारू?" तो म्हणाला. "रोज सकाळी मी जिंकायचो. तेव्हा खरं कोण जिंकत होतं?"

सुव्रतानं हे उत्तर स्वतःला पुष्कळदा दिलेलं होतं. "तूच. तुला जे करायचं होतं तेच सावली करत होती. तिनं तुझं मन बरोबर ओळखलं होतं, अण्णा. फक्त हात सोडून दिला."

"मन काय, सगळ्यांचंच चांगलं असतं," तो म्हणाला. "पेशंटच्या डोळ्यात मन जात नाही. हात जातो."

थोडं अंतर गेल्यावर तो पुन्हा बोलला, बाहेर बघत. "कामतबाईंना तू सांगितलंस याचा राग नव्हता मला. म्हणजे होता, पण तो गेला. त्या दिवशी तू आली नसतीस तर मी आत गेलो असतो. गेलोच असतो, सुवे. मी एवढा समजूतदार माणूस, आणि सगळं डोळ्यांनी बघून, वाचून, तरी हात धुवायला गेलो. त्याची लाज वाटत होती. तुझ्यासमोर."

तिला समोरचा रस्ता धूसर दिसायला लागला. तिनं वेग कमी केला.

हौसाबाई माळींचं घर गावाबाहेर, मळ्यात होतं. पत्र्याची पडवी, पुढं शेणानं सारवलेलं अंगण. हौसाबाई बाजेवर बसून शेंगा फोडत होत्या, बोटांनी चाचपून. डॉक्टरांचा आवाज ऐकून त्यांनी पदर सारखा केला आणि सुनेला आतून खुर्च्या आणायला सांगितलं.

अण्णा खुर्चीवर बसला नाही. बाजेसमोर उभा राहून त्यानं सगळं सांगितलं. आपल्याला आजार आहे, तो तुमच्या ऑपरेशनच्या आधीपासून होता, आपल्याला तो कळला नव्हता. तुमचा डोळा त्यामुळे गेला की मुळात आवरणच नाजूक होतं म्हणून गेला, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. पण तुमच्यापासून लपवून ठेवायचा आपल्याला हक्क नाही. ट्रस्टशी बोललोय, तुम्हाला तक्रार करायची असेल तर ती कुठं करायची तेही सांगतो.

"आणि त्यांना कळलं नाही ते आमच्यामुळं," सुव्रता म्हणाली. "आम्ही एक खेळ केला होता. त्यात यंत्र त्यांचा हात सावरून घ्यायचं. त्यांना वाटायचं हात चांगला आहे. मी त्यांची बहीण."

हौसाबाईंच्या मांडीवरच्या शेंगा तशाच राहिल्या. त्यांनी एकदा आवाजाच्या दिशेनं हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे तोंड फिरवलं.

"यंत्राचं मला काय कळत न्हाई," त्या म्हणाल्या. "पर राग आलाय मला. सांगून ठिवते."

"येणारच," अण्णा म्हणाला.

"दुसऱ्या डोळ्यात पण आलंय आता. सून म्हणत हुती दुसऱ्या डाक्टरकडं चला. मी म्हटलं, न्हाई. मगदूम डाक्टर बोलावतील तवा जाईन. म्हणून बसलेय थांबून." त्यांचा आवाज चढला. "आता कोण करायचं ह्या डोळ्याचं?"

अण्णानं एक पाऊल पुढं टाकलं. "माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी आहे. डॉक्टर आहे. हात चांगला आहे तिचा. मी रोज बघतो, समोर बसून. ती करील. तुम्ही म्हणाल तर मी शेजारी उभा राहीन. नको म्हणाल तर बाहेर थांबेन."

हौसाबाईंनी आपले दोन्ही हात पुढं केले.

"बघू हात."

अण्णा बाजेजवळ वाकला आणि त्यानं उजवा हात त्यांच्या हातांत दिला. त्यांनी तो दोन्ही तळव्यांमध्ये धरला, पाखरू धरावं तसा, आणि मान कलती करून बसून राहिल्या. सुव्रताला त्या थरथरीचा आवाज ऐकू येईल असं वाटलं, इतकं अंगण शांत होतं.

"हालतोय खरा," त्या म्हणाल्या.

"हो," अण्णा म्हणाला. "हालतो."

त्यांनी हात लगेच सोडला नाही. "त्या पोरीला सांगा, मी येते. तुम्ही आतच उभं ऱ्हावा. बाहीर थांबून काय उपेग?" मग हात सोडून त्या बाजेवरून उठल्या, भिंतीला धरत. "चहा घिऊनच जायचं. राग आलाय म्हणून घरातनं तसंच लावून द्यायची न्हाई मी. तू राहू दे गं, मीच करते," हे आत सुनेला.

दोघं अंगणात बसली. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला, स्टोव्हचा, साखरेच्या डब्याचा. हौसाबाई कपाटाला, चौकटीला हात लावत सगळं आपल्या हातानं करत होत्या. बऱ्याच वेळानं त्या ताटलीत दोन कप घेऊन बाहेर आल्या, एक एक पाऊल टाकत, आणि सुव्रतानं उठून ताटली घेतली.

तिचा कप काठोकाठ भरलेला होता. अण्णाच्या कपात त्यांनी चहा अर्धाच ओतला होता.